लाटेवरचा सोनेरी बोया

समुद्राकाठच्या एका गावात मथू नावाची पोर होती. तिची आई मासळी विकायची. बर्फ चार कोसांवर. आणेपर्यंत निम्मा वितळायचा, मासळी नासायची आणि मायलेकी पेज पिऊन निजायच्या. गरिबीत गोड काही नसतं.

एका सकाळी मथूला केवड्याच्या बनात इवलीशी परी काट्यांत अडकलेली दिसली. पंख निळे-हिरवे, अंगावर फेसाचे मोती. मथूने बोटं रक्ताळू दिली, पण पंख फाटू दिला नाही.

"एकच माग," परी म्हणाली, "आणि साऱ्या गावाला पुरेल असं."

"बर्फ."

परीने समुद्रात सोनेरी बोया सोडला. लाट आली की तो वर, गेली की खाली. त्याने चाक फिरायचं, चाकाने वीज व्हायची, विजेने किनाऱ्यावरच्या पेटीत चमचम बर्फ.

"लाटा थकत नाहीत," परी म्हणाली. "बोया फक्त तिथून हलवू नकोस. हलवलास तर मेला."

कार्तिकात वादळ आलं. वादळात होड्या खाडीत घ्यायच्या, ही कोळ्यांची रीतच. लाटांचा मार खाणारा बोया बघून मथूला दया आली. तिने त्यालाही गुपचूप खाडीत ओढलं.

खाडीत लाट कुठली? पेटी तापली. गावाची मासळी कुजली.

"परी लबाड निघाली, तिचा बोया पहिल्याच वादळात गेला," लोक म्हणाले. मथू दोन दिवस घराबाहेर पडली नाही.

शेजारच्या हाशामामाची दोन टोपल्या सुरमई गेली होती. तरी तो सुके बोंबील घेऊन आला. "खा गो, तुमचंही गेलंच की."

मथूने घास खाली ठेवला. ती चावडीवर गेली आणि खाली मान घालून सगळ्यांसमोर बोलली, "परी लबाड नाही. बोया मी हलवला."

"दोन दिवस तोंड शिवलं होतंस काय?" हाशामामा म्हणाला.

"लाज वाटली."

"वाटायलाच हवी. चल, दोर धर."

दोघांनी बोया परत लाटांत नेला. तो हलेना, चाक फिरेना. मथू रडली. तेवढ्यात फेसातून परी वर आली.

"दयेपोटी चुकणं सोपं असतं, बाळ. गावासमोर कबूल करणं अवघड. तू अवघड केलंस."

तिने बोयावर बोट टेकवलं. लाट उठली, बोया डुलला, चाक गरगरलं. सोनेरी, गुलाबी, मोरपंखी उजेड पाण्यावर पसरला आणि परी त्यातच विरून गेली.

मथूची मान काही वर होईना. हाशामामाने पेटीतला बर्फाचा पहिला खडा काढला आणि तिच्या तापलेल्या गालाला लावला.

"पुरे आता," तो म्हणाला. "घरी जा, बोंबील खा."