सगुणेचा सोनचाफा

राजा नव्हता की राजवाडा नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी एक बाग होती आणि त्या बागेत राहायची सगुणा. पोर एवढीशी, राग मात्र हा एवढा! आणि का नसावा? वडील देवाघरी गेलेले. आई विहिरीच्या पायरीवरून घसरली, तेव्हापासून खाटेवर. लालचुटूक जास्वंद, पांढरीशुभ्र तगर, पिवळाधमक झेंडू, सगळ्यांची तहान सगुणेच्या चिमुकल्या हातांवर. घागरी ओढून तळहातांना घट्टे पडले होते.

तरी तिचा जीव बागेतच. ती प्रत्येक कळीला नाव द्यायची, झेंडूला दटावायची, तगरीची वेणी घालायला बघायची. दिवेलागणीनंतर झाडं झोपतात, म्हणून पानालाही बोट लावायची नाही.

आणि पहाटे काय व्हायचं? अर्धा गाव कुंपणाशी! एका हातात परडी, दुसऱ्या हातात आकडी आणि तोंडी देवाचं नाव. आकडीनं फांदी ओढायची की फुलं परडीत. मेले कळ्यासुद्धा सोडत नसत!

"आबा, नका ना तोडू," सगुणा म्हणायची.

"अगं पोरी, मला का हवीत? देवाला नेतोय," गणोजी आबा परडी भरता भरता म्हणायचे. "देवाच्या फुलाला चोरी नसते."

"मग एखादी घागरही देवासाठी ओढा की!"

आबा हसायचे आणि चालू लागायचे. अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय!

सगळ्यात वाईट गत सोनचाफ्याची. आईनं पडायच्या आधी तो खिडकीसमोर लावला होता. "याचं एक फूल फांदीवर उमललेलं बघू दे गं मला," ती म्हणायची. पण कळी धरली रे धरली की आकडी आलीच. हल्ली आई खिडकीकडे पाठ करून निजायची आणि ताटातले दोन घास चिवडून ठेवायची. आता झाडावर एकच कळी उरली होती.

त्या पहाटे सगुणा खराटा घेऊन चाफ्याखाली बसली. आज जो येईल त्याला झोडपायचंच!

"खराटा खाली कर, मला लागेल!" वरून कोणीतरी ओरडलं.

कळीचं टोक हळूच उघडलं आणि टिकलीएवढी परी बाहेर आली. केशरी पंख, सोनेरी झगा, पायांत दवाचे पैंजण आणि इवलंसं नाक रागानं लालेलाल.

"फूल म्हणजे माझं घर," परी म्हणाली. "रोज नवं घर शोधते आणि रोज कोणीतरी ते परडीत टाकतं! तू एकटी या घरांना पाणी घालतेस. माग, एक इच्छा माग. पण नियम ऐक. दुसऱ्याच्या हाताला जे मागशील, ते तुझ्याही हाताला लागेल."

"या बागेत हात घालणाऱ्याला खाजकुइली लागू दे!" असं सगुणेच्या अगदी ओठांवर आलं. मग तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. हे खाजत बसले तर खुरपं कोण धरणार? पानावरची अळी कोण उचलणार? राग तस्साच होता, पण आता त्याला जरा डोकं आलं होतं.

"जो या फुलांना हात लावेल, आकडी लावेल, त्याचा हात घागरीला चिकटू दे," ती म्हणाली. "सगळी बाग भिजेपर्यंत सुटू नये!"

"आणि तुझा?"

"माझा रोज चिकटलेलाच असतो!"

परी खुदकन हसली आणि कळीत शिरली.

एवढ्यात गणोजी आबा आले. त्यांची आकडी चाफ्याच्या कळीला लागते न लागते, तोच विहिरीवरची घागर टुणटुण उड्या मारत आली आणि त्यांच्या हाताला घट्ट चिकटली.

"देवा रे! हे काय गं?"

"देवासाठीच आहे, आबा," सगुणा म्हणाली. "आधी तगरीला घाला."

मागून भागीरथीकाकू आल्या. आबांची फजिती बघून पोट धरून हसल्या आणि हसता हसता जास्वंद तोडायला गेल्या. लगेच दुसरी घागर हजर! ऊन वर येईपर्यंत दोघं पाणी ओढत होती. आबांचं धोतर चिंब झालं, काकूंचा अंबाडा सुटला. शेवटचा झेंडू भिजला तेव्हा कुठे हात सुटले.

आबांनी लाल झालेले तळवे पाहिले. "रोज एवढं ओढतेस तू?"

"रोज."

रिकामी परडी घेऊन आबा घरी गेले.

तेवढ्यात घरातून हसण्याचा आवाज आला. किती दिवसांनी! आई कोपरावर उठून खिडकीतून बघत होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत चाफ्याची कळी उमलली, एकेक सोनसळी पाकळी, वासानं अंगण भरून गेलं. परी फुलातून उडाली आणि क्षणभर सगुणेच्या घट्ट्यांवर टेकली.

"फार छान रागावतेस गं तू," ती कुजबुजली. मग तिचे पंख लखलखले, बागभर सोनेरी उजेड पसरला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

"आई, आणू का तोडून?" सगुणेनं विचारलं.

"खबरदार हात लावशील तर!" आई कडाडली. "राहू दे फांदीवर. मीच येते तिथं."

आणि तिनं खाटेवरून एक पाय खाली ठेवला.