कलिंगडाला पान नकोसं झालं

नद्या भर उन्हाळ्यातही खळखळून वाहायच्या, त्या काळची गोष्ट. नदीकाठच्या वाळूत एका वेलाला एकुलतं एक कलिंगड धरलं होतं. साल अशी हिरवीगार, तुकतुकीत, की त्याला वाटे, साऱ्या जगानं आपल्याकडेच बघत राहावं. पण अंगावर कायम एक रुंद पान!

"सरक ना तिकडे," कलिंगड कुरकुरलं. "तुझ्यामुळे मी कुणाला दिसतच नाही."

"वैशाख आहे, बाळा," पान म्हणालं. "सकाळचं ऊन घे हवं तेवढं. दुपारी मात्र मी हलणार नाही."

ऐकेल ते कलिंगड कसलं! वारा सुटताच त्यानं अंग हिसडून पानाला पलीकडे लोटलं आणि दुपारभर तोऱ्यात चमकत राहिलं. संध्याकाळी एका बाजूची साल पांढुरकी पडली, अंगाची नुसती आग आग झाली. पानाला हाक मारायचीही त्याला लाज वाटली.

सकाळी डोळे उघडले, तर अंगावर गार सावली. पान परत आलं होतं. त्याच्याही कडा करपल्या होत्या.

"हा डाग जाईल?" कलिंगडानं हळूच विचारलं.

"डाग राहील. पण आत तुला अजून लाल व्हायचंय, गोड व्हायचंय. ते काही बिघडलेलं नाही."

ऊन चढू लागलं, तसं कलिंगड पानाला आणखी बिलगलं.

"दुपारी कुठे जाऊ नकोस हं," ते म्हणालं.