महाराजांचे दोन स्क्रू

"घरचीच सून आहे. ती नाही कशी म्हणेल?"

मठाच्या स्वयंपाकघरामागे मी हात धूत होते. भिंतीपलीकडे मामंजी विवेकगिरींना सांगत होते. विवेकगिरी म्हणजे आत्मगिरी महाराजांचे पट्टशिष्य. आणि सून म्हणजे मी. लग्नाला तीन महिने, दातांच्या डॉक्टरकीला चार वर्षं.

मी हात पुन्हा धुतले.

मी ओसरीवर आले. महाराज उन्हाला बसले होते; मामंजी आणि विवेकगिरीही तिथे आले. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या खालच्या जबड्यात नवे दात चढवायला मीच दोन स्क्रू बसवले होते. "जायच्या आधी एकदा ज्वारीची भाकरी चावून खायचीय," एवढंच मागणं होतं त्यांचं.

विवेकगिरींचं मागणं वेगळं.

"उत्सव आठ दिवसांवर आलाय. प्रवचन गावोगाव मोबाइलवर दिसणार. तोवर स्क्रूवर दात चढले पाहिजेत."

"इतक्यात नाही चढवता येणार. हाड स्क्रूभोवती वाढतं, मग त्याला धरतं. महाराजांना साखर आहे. चार महिने तरी..."

"स्क्रू घट्ट आहेत ना?"

"आत्ता घट्ट आहेत ते आट्यांमुळे. हाडानं अजून धरलेले नाहीत."

"बारा वर्षं पाय चेपलेत आम्ही. आम्हाला धीर शिकवता?"

"आत्ता जोर पडला, स्क्रू हलले, तर काढावे लागतील. भोवतीचं हाडही जाईल. त्यांच्या जबड्यात दुसरी जागा नाही. भाकरी कायमची गेली."

"गुरुकृपेनं काही हलत नाही!"

मामंजी हसले. "अगं, बसवून टाक ना. मोठी माणसं एवढी सांगतायत."

मी मामंजींकडे पाहिलं. मग विवेकगिरींकडे. पुन्हा मामंजींकडे. कानशिलं तापली होती. ओढणी मात्र मी नीट सारखी केली...

महाराजांनी वरची कवळी काढली आणि हात पुढे केला. विवेकगिरींनी सवयीनं ओंजळ धरली.

ओली कवळी ओंजळीत पडली. टाकायची कुठे? ते तसेच धरून बसले.

महाराजांनी माझ्यापुढे आ केला.

"काय दिसतं?"

"हिरडी गुलाबी आहे. सूज नाही. ठीक चाललंय, महाराज."

"मग पोरी," ते म्हणाले. दातांविना शब्दांतून वारा जात होता. "तू तोंडात बघणारी. यांच्या तोंडाकडे कशाला बघतेस?"

"सूनबाई, महाराजांचा रोख तसा नव्हता," मामंजी म्हणाले.

"महाराजांच्या वतीनं मी सांगतो..." ओंजळ सावरत विवेकगिरीही सुरू झाले.

मी उठून उभी राहिले.

"दिवसभर लोकांना मी तोंड उघडा म्हणते. तुम्ही दोघं मिटा."