भार्गवरावांचं पान

"मग बुवा, पक्षानं मध्यावर यावं की नाही?"

भार्गवरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. ते धर्मध्वज पक्षाचे अध्यक्ष, आणि आमच्या निरंजनबुवांचे जुने शिष्य. दोन निवडणुकांत आपटले होते. संध्याकाळी पक्षाची बैठक. आणखी एकदा पडले की अध्यक्षपद जाणार, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक.

बुवा शेंगा सोलत होते.

"नुसती आपली माणसं पुरत नाहीत, बुवा. बाकीच्यांचीही मतं हवीत."

"मग ये की मध्यावर."

"आलो तर आपलीच माणसं म्हणतील, बाटला."

"मग नको येऊ."

"नाही आलो तर पडतो."

"आधी जेव," बुवा म्हणाले.

पंगत बसत होती. एका टोकाला भार्गवरावांचे कार्यकर्ते, गळ्यात भगवी उपरणी. मधोमध एक जागा रिकामी. तिच्या अलीकडे मठाच्या भांड्यांना कल्हई करणारा इस्माईल, पलीकडे गाव झाडणारी पारूबाई.

भार्गवराव त्या जागेकडे बघत राहिले…

मग त्यांना सुचलं. फार शिकलेल्या माणसालाच असलं सुचतं.

"शेवंताबाई, माझं पान तिथं मांडा. लोकांना दिसू दे, आमची जागा मध्ये आहे. मी बसतो इकडे, आपल्या माणसांत."

"पान तिकडं आन् तोंड इकडं?" मी म्हटलं. "हात पुरंल का?"

"तुम्हाला राजकारण कळत नाही, बाई."

नाही कळत. वाढायचं कळतं. मी बुवांकडे बघितलं.

"तो म्हणतो तसं कर," बुवा म्हणाले.

मी मधोमध पान मांडलं. भात, वरण, वर तूप, वांग्याची भाजी, गव्हाची खीर. हात आखडला नाही. टोकाला भार्गवरावांपुढे नुसती सारवलेली भुई.

एका कार्यकर्त्यानं पानाचा फोटो काढला.

श्लोक झाला. सगळे जेवायला लागले. इस्माईलनं दुसऱ्यांदा खीर घेतली आणि हाक मारली, "दादा, या की. निवतंय."

भार्गवराव हसले. जागचे हलले नाहीत. शेजारचे कार्यकर्ते भुरके मारत होते, ते ऐकत बसले…

"बुवा," शेवटी ते हळूच म्हणाले, "मला वाढलंच नाही."

"असं कसं? शेवंते, भार्गवच्या पानात काही कमी आहे का?"

"काठोकाठ भरलंय."

"पण बुवा, भूक मला लागलीय."

बुवांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, संपवली, मिशा पुसल्या.

"थांब की जरा. आधी तुझं पान जेवू दे."