ओला दोर

फार मागे एका कोरड्या मुलखात दुष्काळ पडून गेला होता. तिथल्या राजाने फर्मान काढलं: जो मोट हाकून पीक काढेल, त्याच्या बैलांना सरकारी कोठारातून पेंड. दर पाडव्याला कारभारी यायचा आणि मोटेचा दोर चाचपायचा. ओला असला तर पेंड. कोरडा असला तर पुढचं घर.

तेव्हा ते बरोबरही होतं. मग राजा गेला, त्याचा मुलगा गेला, नातू गादीवर आला. दोर चाचपणं तेवढं राहिलं.

गावातली जाणती मंडळी गरज नसताना मोट हाकू लागली. शेतांत चिखल झाला, चिखलावर मीठ फुटलं, विहीर दर साली खोल गेली. पाटलांच्या धाकट्या सुनेने मात्र आपल्या तुकड्याला बांध घातले, जमिनीवर पाचोळा अंथरला, हुलगा पेरला. पीक पावसावर आलं. दोर कोरडा, म्हणून पेंड नाही.

"मामंजी, राजाला सांगा ना. पाणी उपसणाऱ्याला देता, ते धरणाऱ्याला द्या."

"आमचे दोर आजोबांपासून ओले आहेत. तू काल आलीस."

"विहीर आटली की मी उद्या जाईन. तुम्ही कुठे जाल?"

गोठ्यातला म्हातारा बैल म्हणाला, "मोट ओढतो म्हणून पेंड मिळते. पेंड खातो म्हणून मोट ओढतो. यात शेत कुठे येतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

पाटलांनी चंची सोडली आणि पान लावायला घेतलं. खरं ऐकलं की मोठी माणसं हेच करतात.

एका साली पाडव्याआधीच विहीर आटली. म्हाताऱ्यांनी घराघरातले पिण्याचे हंडे आणून दोरांवर ओतले. सून आपला हंडा धरून उभी राहिली.

"हे तुमच्या नातवंडांचं आहे."

"पेंड आली की बघू," म्हणत पाटलांनी हंडा ओढून घेतला.

कारभारी आला. दोर ओले होते. पेंडीच्या गाड्या खाली झाल्या. मग त्याने घाम पुसला आणि प्यायला पाणी मागितलं.

सुनेने आपला रिकामा हंडा त्याच्यापुढे पालथा केला.

मग त्याला आपल्या शेतात नेलं आणि पाचोळा बाजूला सारला. कारभाऱ्याने मातीत बोटं घातली. माती गार होती.

पुढच्या पाडव्यापासून दोर नाही, माती चाचपायची असं ठरलं. पण तोवर गाव उठून गेलं होतं. गोठ्यांत पेंडीचे ढीग होते आणि ती भिजवायला पाणी नव्हतं.

राजा ज्याला बक्षीस देतो तेच शिवारात पिकतं, आणि ते बक्षीस बदलायला म्हातारे राजी होईपर्यंत विहीर थांबत नाही.