तुरा आणि चोपदार

त्या मुलुखात कुणालाही एकट्याने मोठं होता येत नसे.

मोठं व्हायचं तर जत्रेच्या दिवशी दगडी उंबऱ्यावर जावं लागे. लांबलचक उंबरा तो. एका टोकाला एकाने उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला त्याच्याच गल्लीतल्या दुसऱ्याने. मधे बसलेला म्हातारा पारखी विचारायचा, "कोण अधिक? कुणापेक्षा?" समोरच्याचं नाव मोठ्याने घेतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. उंबऱ्यापलीकडे एक आसन होतं. त्यावर एकालाच बसता येई, आणि ते कित्येक वर्षं रिकामं होतं.

मान दोन तऱ्हेचे होते. लहान चणीच्या घराण्यांतलं कुणी उंबऱ्यावर सरस ठरलं की त्याच्या डोक्यावर आपोआप लाल तुरा उगवायचा. भारदस्त घराण्यांना तुरा पेलत नसे. त्यांच्यापुढे चोपदार चालायचा आणि "अधिक! अधिक!" असं ओरडायचा. तुरा असेल त्याला चोपदार नाही, चोपदार असेल त्याला तुरा नाही. हे कुणी ठरवलं, देव जाणे, पण सगळे पाळायचे. एक बरा म्हणून गृहस्थ होता, त्याची तर तऱ्हाच न्यारी. तो सरस ठरला की चेहराच बदलून घरी यायचा, आणि ओळख न पटल्याने बायको दार उघडायची नाही.

या मुलुखात लावण्यमयी राहत होती. नावाप्रमाणेच होती, खोटं कशाला बोला! तिच्या गल्लीत दुसरं घर एकच, नीटस नावाच्या मुलीचं. ठेंगणी, हसरी, अंगावर सुती लुगडं. दोघी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या की दर वेळी लावण्यमयीच सरस ठरायची. पण कधीमधी जत्रेच्या वेळी लावण्यमयी माहेरी असली की गल्लीत उतरलेल्या पाहुणीसमोर नीटस उंबऱ्यावर उभी राहायची, आणि मग वर्षभर तिच्या डोक्यावर तुरा डुलायचा.

तो तुरा लावण्यमयीच्या डोळ्यांत खुपायचा. "हिचं कसं अंगातून उगवतं!" ती आरशासमोर बसून चरफडायची. "आणि माझा मान? भाड्याचा! लोक आधी त्या मेल्या चोपदाराकडे बघतात, मग माझ्याकडे. त्यातून त्याला बारमाही पडसं."

बरं, तो चोपदार तिचा एकटीचा होता असंही नव्हे. नदीपल्याड कामांच्या दिमतीला असणारी माणसं राहत. कुणी चालणाऱ्याला हळुवारपणे पाऊल टाकायला लावायचं, कुणी गाणाऱ्याचा गळा मोकळेपणाने उघडून द्यायचं. स्वतः काही नसायची ती, कुणाच्या तरी कामाला वळण लावायची. त्यांच्यापुढेही हाच घसा, हेच "अधिक! अधिक!" ते ऐकलं की लावण्यमयी खिडकी धाडकन लावून घ्यायची.

त्या वर्षी दवंडी पिटली गेली की जत्रेत जो उंबरा ओलांडेल, त्याला आसन मिळेल. आसन आपलंच, हे लावण्यमयीला ठाऊक होतं. पण तेवढ्याने तिचं भागेना. ती नीटसच्या दारात गेली.

"अगं नीटस, तुझा तुरा दे मला. एक दिवस."

"तुरा? अगं, तो काय पेटीत ठेवलाय?" नीटस हसली. मग लावण्यमयीचं तोंड बघून तिचं हसू गेलं. तिने डोक्यावरचा तुरा उपटला. दुखलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. "घे बाई. पण मग त्या दिवशी चोपदाराला घरी बसव हं. दोन्ही एकदम नको."

"तू नको मला शिकवूस," लावण्यमयी म्हणाली.

आणि जत्रेत ती आली ती पुढे चोपदार आणि डोक्यावर तुरा घेऊन! आधी एक पोर हसलं, मग अख्खी जत्रा. "अगंबाई, छत्रीवर छत्री!" कुणीतरी ओरडलं. चोपदारालाही हसू आवरेना, "अधिक" म्हणता म्हणता तो शिंकला आणि तुरा सुटून धुळीत पडला.

पारखी म्हणाला, "दोन्ही मान घेऊन उंबरा ओलांडता येत नाही, बाई. पुढच्या जत्रेला या."

लावण्यमयीच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचं चुकलं हे तिच्या मनातही आलं नाही. ती गल्लीत परतली ती तडक नीटसच्या अंगणात. "तू समोर असतेस म्हणून लोक मला हसतात! मुद्दाम दिलास तो तुरा. चालती हो या गल्लीतून!"

नीटसने दोरीवरची लुगडी काढली. "जाते. मला काय गं, तुरा असला काय नि नसला काय, मी नीटसच." लुगड्यांचं गाठोडं बांधून ती नदीपल्याड गेली. तिथे तिला कुणी काही विचारलं नाही.

लावण्यमयीचं ते वर्ष झकास गेलं. गल्लीत दुसरं दार नाही, दुसरा चेहरा नाही. ती रोज आसनावर बसायची तालीम करायची.

जत्रा आली. या वेळी तुरा नव्हता, पैठणीची घडी मोडलेली, चोपदाराचं पडसंही बरं झालेलं. कुणी हसलं नाही. ती उंबऱ्याच्या आपल्या टोकाला उभी राहिली. आसन समोर, हाताच्या अंतरावर.

"कोण अधिक?" पारखीने विचारलं.

चोपदाराने दंड उंचावला. "अधिक लावण्यमयी!"

"कुणापेक्षा?"

चोपदाराने रिवाजाप्रमाणे दुसऱ्या टोकाकडे हात केला आणि नाव घ्यायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. लावण्यमयीने त्याच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. नीटस उभी राहायची तिथे दगड झिजून खोलगट झाला होता. त्यात पाणी साठलं होतं, आणि एक चिमणी ते निवांत पीत होती.