वाळूचा दांडा

खूप जुन्या काळी, बेटांना अजून नावे नव्हती तेव्हा, एका बेटावर एकच नदी होती. बेटाच्या मधोमध डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर बारमाही ढग. तिथे ती उगम पावे, कड्यांवरून उड्या घेत रानात उतरे आणि भातखाचरांत येऊन संथ होई. पुढे समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. पण मध्ये वाळूचा उंच दांडा आडवा पडलेला. मग नदी वळे, दांड्याच्या कडेकडेने दूरवर जाई आणि काळ्या खडकांपाशी समुद्राला मिळे.

या वळशाचा कोळ्यांना भारी जाच. समुद्र समोर दिसे, पण होडी वल्हवत न्यावी लागे थेट खडकांपर्यंत.

गावात तानक्का नावाची म्हातारी होती. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. एकदा धाकू कोळ्याने तिला विचारले, "अक्का, दांडा फोडू या का?"

"नको रे. नदीला बाहेर जायला वाट केलीस, की समुद्रालाही आत यायला वाट होते. खारं पाणी खाचरांत शिरेल."

धाकूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ तेच विचारायला आला. मग भावजय आली. विहिरीवर तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच. तानक्का हातातले काम टाकून जमिनीवर रेघा ओढून दाखवी. लोक सगळे ऐकून घेत आणि म्हणत, "ते खरं, पण लहानशीच फट पाडली तर?"

एका सकाळी ती तांदूळ निवडत असताना धाकू पुन्हा दारात उभा राहिला. तो तोंड उघडणार, एवढ्यात तिने सूप आपटले. "फोडा. एकदाचा फोडा तो दांडा आणि माझं डोकं खाणं थांबवा."

अक्काने होकार दिला, असे गावभर झाले. फावडी चालू लागली. घरात बसून तिला आवाज ऐकू येत होता. जाऊन थांबवावे, असे वाटलेही. पण पुन्हा तेच सगळे बोलायचे, या विचारानेच तिला शीण आला. ती उठली नाही.

काही दिवस मजेत गेले. मग पुनवेच्या उधाणात समुद्र आत घुसला. फटीचे भगदाड झाले. पोटरीला आलेले भात करपले आणि विहिरी मचूळ झाल्या.

धाकू रडवेला होऊन आला. "तुला ठाऊक होतं, अक्का. मग हो का म्हणालीस?"

किती वेळा सांगितले होते, हे तिच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले.

"तुम्ही विचारून दमला नाहीत," ती म्हणाली, "आणि मी सांगून दमले."

भगदाड बुजवायला सारा उन्हाळा लागला. खाचरांतला खारटपणा जायला त्याहून जास्त. तोवर बेटाने कंदमुळांवर दिवस काढले, आणि तानक्कानेही.

लहानांनो, थोरांनो, एवढे ध्यानात असू द्या: अजाणत्याच्या हट्टाने जेवढे नुकसान होते, तेवढेच जाणत्याने वैतागून दिलेल्या होकाराने होते.